मन्मथ, त्या खड्ड्याच्या सीनबद्दल

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी परळीला, तुझ्या घरच्या पुढच्या खोलीत बैठक झाली. रक्कम अकरा लाख. हजर: आक्का, रेखावहिनी, इम्रान, तुझा पिच्चर विकत घ्यायला आलेला मुंबईच्या कंपनीचा एक माणूस आणि मी. सही माझी लागणार होती, कारण कागदावर निर्माता म्हणून तू माझं नाव घातलंस. तेव्हा मी म्हणालो होतो, "मला पाइप-मोटारीतलं कळतं, पिच्चरमधलं न्हाई." तू म्हणालास, "म्हणूनच. कळनाऱ्यावर माझा भरोसा न्हाई."

मुंबईचा माणूस तुझ्या खुर्चीत बसायला निघाला होता. वहिनींनी त्याला हाताने पलंग दाखवला. त्याला कारण कळलं नाही, पण तो बसला. तू जाऊन महिनाही झालेला नव्हता.

त्याचं बोलणं नीट होतं, उद्धट नव्हतं. त्याने पिच्चर पाहिला होता आणि तो त्याला आवडला होता. "पहिला पिक्चर, खुद ही डायरेक्टर, खुद ही हीरो, और आख़िर तक उठने नहीं देता," असं तो म्हणाला. हे तुझ्यासमोर म्हणाला असता तर आनंदाने तू दोन दिवस जेवला नसतास. मग त्याने अट सांगितली. जाहिरात त्या खड्ड्याच्या सीनने सुरू होणार. तू बसलेला, कपाळाला विभूती, अंगावर माती पडतेय. आणि खाली अक्षरं येणार की हे दृश्य करणारा माणूस पुढे खरोखरच याच आसनात जमिनीत गेला. तुझ्या अंत्यविधीचा कुणी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ असेल तर त्याचे आणखी दोन लाख.

"सर, ऐसी स्टोरी पैसे दे के भी नहीं बनती," तो मला म्हणाला.

आक्कांना हिंदी सगळी कळते, हे त्याला माहीत नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या लेकराला एकदा बसिवलं. आता ह्ये रोज बसिवनार व्हय, मोबाइलावर?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "दिगंबर, त्यो सीनच नको. काढून टाक. पिच्चर दाखवायचा तर तेवढं काढून दाखव."

वहिनी दारात उभ्या होत्या. आक्कांसमोर त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "आत्याबाई, त्यानला ह्याच्यापायी वरीसभर दुकान पुतन्याच्या हातात द्यावं लागलं. त्यो सीन काढला तर पिच्चरमधी राहातं काय?"

मी त्या माणसाकडे आठ दिवस मागितले. विसार म्हणून पन्नास हजारांचं पाकीट त्याने टेबलावर ठेवलं. मी नको म्हणत असताना ठेवलं आणि गेला.

परळीहून चौसाळ्याला परत येताना मी सगळ्या रस्त्याने तुझ्याशी भांडत होतो. बरोबर कोण आहे, आक्का की वहिनी, हे तू सांगायला पाहिजे होतंस. तू असतास तर एका शिवीत निकाल दिला असतास.

तुझा पहिला कागद आठवतो. तो वाचून दाखवायला तू माझ्या दुकानात आलास तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. तू त्याच्यासमोरच वाचायला लागलास. परळीतला एक व्यापारी, थर्मलच्या राखेच्या विटा विकणारा. त्याचा बाहेरगावचा भागीदार त्याला जेवणातून विष देतो. घाईघाईने चिता पेटते आणि सगळा पुरावा जळून जातो. मग पुण्याहून धाकटा भाऊ येतो आणि राखेतून खुनी शोधतो. दोन्ही भाऊ तूच होणार होतास.

"पहिलाच पिच्चर अन् डबल रोल?" मी विचारलं.

"एका मानसाला पैसे वाचतेत बे."

मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालो, "मन्मथ, व्यापाऱ्याचं नाव काय ठिवलं?"

"शिवलिंग."

"म्हणजे तुमच्यातला, लिंगायत. मग ह्याला जाळलं कावून? तुमच्यात जाळत न्हाईत ना."

तू माझ्याकडे बघत राहिलास. अख्खं आयुष्य तू आपल्या माणसांना बसवून माती देताना पाहिलं होतंस. वडिलांना तू स्वतः आपल्या हाताने बसवलं होतंस. आणि पिच्चर लिहायला बसलास तेव्हा हातातून चिता उतरली, कारण हिंदी पिच्चरमध्ये मेलेला माणूस जळतोच. ते गिऱ्हाईक तोटी हातात धरून हसायला लागलं. मला वाटलं तू चिडशील. तू कागदाचे दोन तुकडे केलेस आणि माझ्या काउंटरवर ठेवलेस. "दिग्या, पिच्चर सापडला," म्हणालास, आणि चहा न घेता गेलास.

परत आलास तो लाकडाचा टेम्पो घेऊन. म्हणजे कथेत. बाहेरगावच्या खुन्याला आपल्याकडची रीत माहीत नाही. त्याने आधीच लाकडं सांगून ठेवली आहेत. मयताच्या दारात टेम्पो येऊन उभा राहतो, ड्रायव्हर विचारतो, लकडी कहाँ उतारूँ? दुसऱ्या कुठल्याही घरी ती लाकडं मुकाट्याने उतरली असती आणि कुणाच्या लक्षातही राहिली नसती. पण या घरात लाकडांचं कामच नाही. म्हणून सगळे विचारतात, ही सांगितली कुणी? मी फक्त एवढंच विचारलं, "अन् किती वाजता सांगितली?" तू डोक्याला हात लावलास. माणूस मेला हे घरात कळलं नऊला. ड्रायव्हर म्हणतो, मेरेकू तो सात बजे बोले थे.

मला एवढंच येतं, मन्मथ. वेळा लावून बघायच्या, एक बाजू दुसऱ्या बाजूशी जुळते का ते तपासायचं. त्याचं तू एवढं काही करशील असं वाटलं नव्हतं.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. मी शेवटपर्यंत म्हणत होतो, पिच्चर मराठीत कर. आपली माणसं, आपली रीत, आपलं गाव, मग हिंदी कशाला? तू म्हणायचास, परळीच्या बाजारात उभा राहा अन् सांग कोन मराठी बोलतंय. आडतीवर हिंदी, स्टेशनावर हिंदी, राखेच्या गाड्यांवर हिंदी. "मराठीत मी घरी बोलतो. भ्या वाटलं की तोंडातून हिंदीच निघते." ते मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण आवाज भरायच्या वेळी मुंबईहून आलेला एक शहाणा तुझं 'मेरेकू' काढून 'मुझे' घाल म्हणत होता, तेव्हा तू त्याला जे सांगितलंस ते मी जपून ठेवलं आहे. "साब, मेरा हीरो परळी में मरा है, दिल्ली में नै." त्या दिवशी मी तुझ्या बाजूने होतो. बोललो नाही, कारण मग माझी मराठीची बाजू पडली असती.

आता त्या सीनचं.

परळीत कुणी जागा देईना. तुमच्या समाजाच्या जागेत तर विषयच नव्हता आणि तो तू काढलाही नाहीस. स्वामींकडे गेलास. त्यांनी तुला प्रसाद दिला आणि सांगितलं, "लेकरा, खरा मंत्र खोट्याला म्हनता येत न्हाई." तू पाया पडून परत आलास. गळ्यातलं लिंग शूटिंगसाठी हातात घेणार नाही, हेही तूच ठरवलंस. बिंदुसरेच्या धरणाकाठचा एक गोटा कापडात गुंडाळून डाव्या तळहातावर ठेवलास. आपल्या धर्माची एवढी मर्यादा तू पाळलीस, हे लोकांना कधी कळणार नाही. म्हणून इथे लिहितो.

जागा शेवटी माझ्या मावसभावाच्या पालीच्या रानात मिळाली. वर काळी माती, खाली मुरूम. चार गड्यांनी सकाळी खड्डा घेतला. बसायला बाजूला कोनाडा कसा करायचा ते तू आत उतरून दाखवलंस. जंगम म्हणून एक निवृत्त मास्तर उभे केले होते. त्यांना मंत्र म्हणायचा नव्हता, नुसते ओठ हलवायचे होते. कॅमेऱ्यावर इम्रान. बीडच्या लग्नांचे व्हिडिओ काढून त्याचा हात तयार झालेला. त्याने तुला आधीच विचारलं, "मन्मथभाई, रोना-धोना कितना लेना?" तू म्हणालास, "लगन में बिदाई का लेता ना, उससे आधा."

सगळं तू ठरवलं होतंस. माती कुणी टाकायची, किती टाकायची, सूर्य कुठे असताना टाकायची. एक गोष्ट मात्र तुझ्या आणि आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही. 'कट' तू म्हणायचास. नेहमी तूच म्हणायचास, स्वतः समोर उभा असलास तरी. आणि या सीनमध्ये तू मेलेला होतास.

डोळे मिटून तू बसलास. माती पडायला लागली. मांडीवर, मग हातावर, तो गोटा दिसेनासा झाला, मग पोटापर्यंत. गडी माझ्याकडे बघतात, मी इम्रानकडे बघतो, इम्रान भिंगातून तुझ्याकडे बघतोय. मास्तर ओठ हलवताहेत. त्यांना थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं. छातीपर्यंत आली. तू हललाही नाहीस. माती खांद्याला लागली आणि मी मोठ्याने ओरडलो, "बस!"

तू डोळे उघडलेस ते रागानेच. "कुनी सांगितलं तुला बस म्हनायला? अजून धा सेकंद पाहिजे होते बे!"

"धा सेकंदानं तोंडात गेली असती."

"जाऊ दे की! पिच्चर हाय ह्यो!"

"म्हणून तर म्हणलो बस. पिच्चर हाय."

गड्यांनी तुला बाहेर ओढलं. तू लंगडत होतास, पाय आखडले होते. धरणाच्या पाण्यात मान खाली घालून बराच वेळ बसलास. जेवताना माझ्याशी बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा करू म्हणत होतास, पण तोवर आक्कांना कळलं होतं. त्यांनी अन्न सोडलं. जिवंतपणी लेक खड्ड्यात बसला, हे त्यांना सहन झालं नाही. तू पुन्हा बसला नाहीस. पिच्चरमध्ये तो शॉट माझ्या आवाजाच्या जरा आधी तुटतो. जाणणारा कुणी भेटला की तू माझ्याकडे बोट करून सांगायचास, "माजा सगळ्यात भारी शॉट ह्या मानसानं मारला."

ते भांडणही तसंच राहिलं.

पहिल्यांदा सगळा जोडून झाला तेव्हा तू मला इम्रानच्या दुकानात बसवलंस. संपल्यावर विचारलंस, "कसा वाटला?" मी सांगितलं की लाकडाच्या सीनमध्ये भिंतीवरचं घड्याळ दहा दाखवतंय आणि बाहेरच्या सावल्या दुपारच्या आहेत. तू खदाखदा हसलास, इम्रानच्या पाठीत थाप मारलीस, म्हणालास, "बघ, मी म्हनलो नव्हतो?" मला वाटतं तुला तेवढंच पुरेसं होतं. पण खरं सांगायचं तर, टेम्पो गल्लीत मागे मागे येऊ लागला तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. लाकडं कुणी सांगितली, किती वाजता सांगितली, सगळं मला ठाऊक होतं. त्यातली वेळ तर मीच विचारली होती. तरी ड्रायव्हरने 'सात बजे' म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला. पिच्चर चांगला झाला आहे, मन्मथ. फार चांगला झाला आहे.

तू गेलास ते एकाएकी, दुकानात, गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना. वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका शेतकऱ्याच्या मोटारीचं बिल करत होतो. परळीत पोचलो तर तुला बसवलेलं होतं. भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती, गळ्यात हार. तिथून सगळं त्याच क्रमाने झालं. खड्डा, कोनाडा, स्वामी. या वेळी मंत्र खरा होता आणि तळहातावरचं लिंगही तुझं होतं. मी काठावर उभा होतो. माती मांडीवर पडली, हातावर पडली. मला ठाऊक होतं पुढे कुठवर येणार. छातीला आली, खांद्याला आली. कुणीतरी बस म्हणेल असं वाटत राहिलं. कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही.

त्यामुळे मंगळवारी आक्का 'काढून टाक' म्हणाल्या तेव्हा माझं मन त्यांच्याच बाजूने होतं. मलाही तो सीन पुन्हा बघायचा नव्हता. आणि वहिनींचं म्हणणं हिशेबाला बरोबर होतं. त्याच्याशिवाय कथा उभी राहत नाही. लाकडाचा टेम्पो आला आणि नंतर जमीनच दिसली नाही, तर ती लाकडं आली कशाला?

शुक्रवारी मी पुन्हा परळीला गेलो. इम्रानला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं. आक्कांना म्हणालो, "तुमी म्हणाल ते करतो. पर एक हाय. न बघता काढायला नको. एकडाव बघा, मग सांगा."

त्यांनी मग चष्मा मागितला.

इम्रानने तेवढाच भाग लावला. वहिनी आक्कांच्या मागे बसल्या. मी बाजूला, पडद्याकडे न बघता. आवाज नव्हताच, माती पडल्याचा तेवढा होता. संपलं. आक्का म्हणाल्या, "परत लाव."

दुसऱ्यांदा त्या पुढे वाकल्या. बोट काचेला जवळजवळ लावलं. "हितं. हितं थांबव."

इम्रानने थांबवलं.

"न्हाई, चालू कर. हळू चालतंय का?"

त्याने वेग कमी केला. मग मला बघावंच लागलं. माती पोटापर्यंत आलेली, तुझे डोळे मिटलेले, मान ताठ. आणि गळ्याच्या खाली, हाराच्या वर, कातडी आत जात होती आणि बाहेर येत होती. बारीक, पण जात होती आणि येत होती.

"ह्याचा श्वास चाललाय की," आक्का म्हणाल्या.

इम्रान खजील झाला. "हौ आक्का, वो मिस्टेक रह गई. मन्मथभाई बोले थे मेरेकू, फ्रीज करना वहाँ. गला साफ करने का काम बाकी है. दो दिन का काम है, हो जाएगा. फिर बिल्कुल मुर्दे के माफिक..." शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली.

म्हणजे तुलाही ते दिसलं होतं. त्याला तू काम सांगून ठेवलं होतंस आणि मला बोलला नव्हतास. मी पकडायच्या आधी मिटवून टाकायचं, असाच विचार असणार.

आक्कांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. "त्या दिवशी मी असंच बघत बसलेते," त्या म्हणाल्या. "हितं, गळ्याखाली. लई येळ. काई हललं न्हाई."

वहिनींनी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मग काय करायचं, आक्का?" मी विचारलं. "काढायचा?"

"काढायचा कावून?" त्या जवळजवळ रागाने म्हणाल्या. "चाललाय ना श्वास. राहू दे. अन् ह्याला सांग, हात लावू नको त्याला. साफ-बीफ काई करू नको."

"आक्का, लोग हँसेंगे. मेला हुआ माणूस..." इम्रान अर्धा हिंदीत, अर्धा मराठीत अडकला.

"हसू दे."

मी त्यांना एकदाच सांगितलं की यात चूक दिसेल. बारीक बघणारा माणूस पकडेल. पुण्या-मुंबईचे लोक लिहितील की दिग्दर्शकाला मेलेला माणूसही नीट बसता आला नाही. हे त्यांना माहीत असावं म्हणून सांगितलं. आक्का म्हणाल्या, "तूच एक हायस बारीक बघनारा." वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. तू गेल्यापासून त्या घरात कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तर तो सीन आहे तसा राहणार आहे, मन्मथ. तुझ्या मनासारखा नाही. धा सेकंद कमी आहेत ते माझ्यामुळे, आणि श्वास जास्त आहे तो आक्कांमुळे. तू असतास तर आम्हा दोघांशी भांडला असतास, आणि बहुतेक तुझंच बरोबर ठरलं असतं. पिच्चर म्हणून बघितलं तर ती चूकच आहे. मी आजवर कुठली चूक माहीत असून पुढे जाऊ दिली नव्हती. ही जाऊ दिली.

मुंबईच्या माणसाला पन्नास हजारांचं पाकीट जसंच्या तसं परत पाठवलं, पोच घेतली. दुसरी एक छोटी कंपनी पुढे आली. तिने साडेतीन लाख दिले. जाहिरातीत तुझ्या जाण्याचा उल्लेख येणार नाही आणि तो सीन जाहिरातीत वापरणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. पैसे वहिनींच्या खात्यावर जमा झाले. राहिला इम्रान. त्याचे ठरल्यापैकी बारा हजार द्यायचे होते. तो म्हणाला, "दिगंबरभाई, गला साफ करने के दो हजार उसमें पकड़े थे. वो काम मैंने किया नै, काट लो." मी त्याला बारा हजार पूर्ण दिले.